पालोमा थिएटर होतं तिथून

डॉन ओल्मान सिबाहा यांनी आयुष्यात एकच गोष्ट पुरी केली होती, आणि तीही खरोखर पुरी झाली का याबद्दल ते साशंक असत. ती गोष्ट म्हणजे संगणकाची एक भाषा. सान होसेच्या विद्यापीठात गणित शिकवता शिकवता त्यांनी ती रचली आणि तिला 'त्रांकेरा' हे नाव दिलं. त्रांकेरा म्हणजे गुरांच्या कुरणाला असतं तसलं आडव्या फळ्यांचं फाटक. लहानपणी संध्याकाळी वडिलांच्या फाटकाशी उभं राहून एकेक गाय ओळखून आत घ्यायचं काम त्यांच्याकडे असे. शेजाऱ्याची गाय चुकून आत आली तर वडील रागावत नसत, फक्त जेवताना बोलत नसत. भाषा रचताना डॉन ओल्मानच्या डोक्यात तेच फाटक होतं, आणि बहुधा ते जेवणही.

त्रांकेराचा नियम साधा होता. प्रोग्राममधल्या प्रत्येक वस्तूचा प्रकार आधीच सांगायचा: ही संख्या, ही तारीख, हे माणसाचं नाव. मग प्रोग्राम सुरू होण्याआधी भाषा सगळं तपासून बघते. संख्येच्या जागी नाव आलेलं दिसलं की प्रोग्राम सुरूच होत नाही. कुठे अडलं ते सांगते आणि गप्प बसते. दुसऱ्या कितीतरी भाषा अशा वेळी सांभाळून घेतात. नावातून संख्या निघते का बघतात, नाही निघाली तर काहीतरी धरून चालतात आणि पुढे जातात. या सांभाळून घेण्याची डॉन ओल्मानना धास्ती होती. "फाटकातून आत आलं ते तपासलेलंच असणार, एवढा शब्द मी देतो," असं ते वर्गात सांगत, आणि फळ्याकडे वळता वळता "निदान तसं असावं," असं पुटपुटत.

आता ते निवृत्त झाले होते. भाषेचं काम ग्रेटेल उमान्या बघत होती. ती एके काळची त्यांची विद्यार्थिनी, आणि ते स्वतः कधी कबूल करत नसले तरी, त्यांच्यापेक्षा हुशार. तिच्या जोडीला हाय्नर ब्रेनेस होता, गोलमटोल, बोलका, विद्यार्थ्यांचा लाडका. तिघं रोज तीनच्या कॉफीला विभागातल्या मागच्या खोलीत जमत. लाकडी घोडीवर टांगलेल्या कापडी पिशवीतून कॉफी गाळायची पाळी आदल्या दिवशी वादात हरलेल्याची. डॉन ओल्मानची कॉफी अलीकडे फार चांगली होऊ लागली होती.

भाषेत बदल करायचा तर तिघांचा होकार लागे. एक जरी 'नाही' म्हणाला तरी बदल बारगळला. हा नियम डॉन ओल्माननीच घातला होता, जेव्हा भाषा त्यांची एकट्याचीच समजली जाई आणि आपण चुकत असू अशी त्यांना सारखी भीती वाटे. आता त्या नियमामुळे त्यांच्या हातात तेवढा एक शब्द उरला होता.

ग्रेटेलला त्रांकेरात एक नवी खूण आणायची होती. तिने तिचं नाव 'राहू दे' ठेवलं होतं. एखाद्या वस्तूचा प्रकार आत्ता सांगता येत नसेल, तर तिथे 'राहू दे' लिहायचं. फाटक तिला आत सोडणार. तपासणी पुढे, प्रोग्राम चालू असताना, ती वस्तू प्रत्यक्ष वापरायची वेळ आली की.

"म्हणजे फाटकाला भोक पाडायचं," डॉन ओल्मान म्हणाले.

"भोक नाही हो. दिंडी," ग्रेटेल म्हणाली. "मोठ्या दाराला असते तशी. वाकून जायचं."

"गाय वाकत नाही."

"आपल्याकडे गायी नाहीतच, डॉन ओल्मान. माणसं आहेत. लिहिताना त्यांना सगळं ठाऊक नसतं."

हाय्नरने मक्याच्या धिरड्यावर साय थापली आणि म्हणाला, "ला पास्तोराची गोष्ट सांगा तिला."

"तिला माहीत आहे," डॉन ओल्मान म्हणाले, पण त्यांना ती सांगायला आवडे. ला पास्तोरा वस्तीतल्या दवाखान्याच्या नर्स घरोघरी जाऊन मलमपट्टी करत. त्यांच्या फेऱ्या आखणारा प्रोग्राम ग्रेटेलने तिची खूण घातलेल्या भाषेत, चाचणी म्हणून, चालवला होता. घरांना क्रमांक नसल्याने तिकडे पत्ता एखाद्या ओळखीच्या जागेपासून मीटरमध्ये सांगतात. एका आजीने सांगितला, 'आंबा होता तिथून शंभर पूर्वेला.' आंबा कधीचा तोडलेला. खुणेने तो आत सोडला, नकाशाने आपल्या बुद्धीने 'आंबा' नावाचं काहीतरी शोधलं, आणि नर्स डोंगरापलीकडच्या गावात 'एल मांगो', म्हणजे 'आंबा'च, नावाच्या दारूच्या दुकानात कापूस-पट्टीची पेटी घेऊन उभी राहिली.

"तिथेही एकाला टाके घालायचे निघाले म्हणतात," हाय्नर म्हणाला. "फेरी अगदीच वाया नाही गेली."

ग्रेटेल हसली नाही. तिने कप खाली ठेवला. "शुक्रवारी मी रीतसर विचारणार आहे. तुम्ही 'नाही' म्हणालात तर मला राग नाही येणार. पण माँटेव्हिडिओच्या विद्यापीठाचं पत्र आलंय. माझी खूण घेऊन मी तिकडे जाईन, तिथे नवी भाषा करीन. धमकी नाही ही. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

धमकी नव्हतीच. म्हणून तर डॉन ओल्मानना ते जास्त लागलं. ग्रेटेल गेली की हाय्नर विद्यार्थ्यांकडे वळणार, आणि तीन वाजता या खोलीत एका माणसापुरती कॉफी गळणार. उलट 'हो' म्हटलं, तर एवढी वर्षं दिलेला शब्द मोडणार. फाटकातून आत आलेलं तपासलेलंच आहे, हे पुन्हा म्हणता येणार नाही. घरी जाताना त्यांनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. 'नाही' जड भरला. त्यांना बरं वाटलं नाही, पण जड तोच होता.

दुसऱ्या दिवशी ते थोरल्या बहिणीकडे गेले. मारिएलोस सान आम्ब्रोसिओ वस्तीत एकटी राहायची. साखरेमुळे तिच्या पायाला जखम झाली होती आणि दवाखान्याची नर्स योर्लेनी नेमाने येऊन ती बांधायची. त्या दिवशी पट्टी मळकट आणि एका बाजूने सुटलेली दिसली.

"नर्स आली नाही?"

"कुठली नर्स? योर्लेनी बाळंतपणाला गेली. तिच्या जागी नवी आलीय म्हणतात. म्हणतात हं. मी काही पाहिली नाही."

"फोन करायचा होतास."

"केला की. दवाखान्यातली पोरगी म्हणते, बाई, नर्स येऊन गेली, तुम्ही घरी नव्हतात. मी म्हटलं, बाळ, या पायाने मी काय नाचायला गेले होते?"

डॉन ओल्माननी हात धुतले आणि ती सांगेल तशी जखम पुसून नवी पट्टी बांधायला घेतली. जखमेच्या कडेला लाली चढली होती. पट्टी एकदा सैल झाली, एकदा घट्ट. मारिएलोसने दात आवळून सगळं सोसलं, आणि झाल्यावर पाय वर करून पाहिला.

"गणितात चांगला होतास तू," ती म्हणाली. "त्यातच राहा."

परतताना त्यांच्या मनात एक विचार आला आणि जाईना. ग्रेटेलने आपली चाचणी सान आम्ब्रोसिओच्या दवाखान्यातही सुरू केली असणार. भोकातून पत्ता हरवला असणार. शुक्रवारी हे मांडलं तर 'नाही' म्हणायला सबळ कारण मिळेल, कुणी हट्टी म्हातारा म्हणणार नाही. बहिणीच्या लाल जखमेवरून आपल्याला थोडं समाधान वाटतं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते बसथांब्यावर मान खाली घालून उभे राहिले.

सकाळी ते दवाखान्यात गेले. काउंटरवर ओदिली नावाची, केसांना लाल रंग लावलेली बाई होती. बहिणीचं नाव सांगताच तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे बघा. नर्स गेली होती. भेट झाली नाही असं लिहिलंय."

पत्त्याच्या जागी लिहिलं होतं: सान आम्ब्रोसिओ चर्चपासून शून्य दक्षिणेला, शून्य पश्चिमेला.

"पण ती चर्चमध्ये राहत नाही," डॉन ओल्मान म्हणाले.

"ते मला ठाऊक आहे हो. तिचं घर पालोमा थिएटर होतं तिथून दोनशे दक्षिणेला, पन्नास पश्चिमेला, हिरवं फाटक. पण थिएटर लिहिलं की म्हातारा अडून बसतो."

"कोण म्हातारा?"

"हा." तिने पडद्यावर टिचकी मारली. "आमचा प्रोग्राम. सगळ्याला नाही म्हणतो म्हणून म्हातारा. थिएटर नकाशावर नाही ना आता, गाड्या उभ्या करायची जागा झालीय, म्हणून ते चालत नाही. लाल अक्षरं दाखवतो, पुढे जाऊच देत नाही. चर्च लिहिलं की खूश. शून्य, शून्य लिहिलं की आणखी खूश."

डॉन ओल्मान पडद्याजवळ वाकले. "म्हणजे हा जुनाच प्रोग्राम आहे? ती 'राहू दे'वाली चाचणी नाही?"

"छे. ती ला पास्तोराला. आम्हाला कोण देतंय? आमचा हाच, फाटकवाला."

"आणि अशा किती जणांना तुम्ही चर्चमध्ये पाठवलंय?"

"बरेच आहेत. जुनी वस्ती आहे, कुणाचाच पत्ता आज असलेल्या जागेपासून नाही. योर्लेनी होती तोवर काही अडत नव्हतं. तिला घरं पाठ, ती कागद बघायचीच नाही. आता ही नवी झेय्दी दूरच्या पुंतारेनासकडची, कागदाप्रमाणे जाते बिचारी. रोज चर्चच्या दारात उभी राहून एकेकाच्या नावाने हाका मारते. काल चर्चची देखभाल करणारा सॅक्रिस्टन तिला म्हणाला, बाई, इथे कायम राहणारा एकच, तो क्रुसावर आहे, आणि त्याच्या जखमा बांधायला अजून कुणी आलं नाही."

ओदिली हसली. डॉन ओल्मान हसल्यासारखं करून म्हणाले, "बाजूला टीप लिहायची होती. खरा पत्ता."

"टीप लिहायला जागाच ठेवलेली नाही. मोकळं लिहू दिलं तर लोक काहीही लिहितील, असं कुणा शहाण्याने ठरवलं म्हणे."

तो शहाणा कोण हे त्यांनी सांगितलं नाही. प्रोग्राम हाय्नरच्या विद्यार्थ्यांनी लिहिला होता, पण 'खूणजागा' या प्रकाराची व्याख्या त्यांनी डॉन ओल्मानकडून करून घेतली होती. खूणजागा म्हणजे नकाशावर आज असलेली जागा. एका ओळीत बसलेली ती व्याख्या त्यांना तेव्हा इतकी नीटस वाटली होती की त्यांनी ती फळ्यावरून पुसली नव्हती.

बाकावर बसून त्यांनी हिशेब लावून पाहिला. भाषेच्या बाजूने कुठेच चूक नव्हती. चर्च ही खरी खूणजागा. शून्य ही खरी संख्या. प्रत्येक वस्तू आपापल्या प्रकाराची, प्रत्येक तपासलेली. हा प्रोग्राम आजवर एकदाही कोलमडला नाही, असं हाय्नर पाहुण्यांना अभिमानाने सांगत असे, आणि ते खरंच होतं. खोटं लिहिलं ते ओदिलीने. दोष तिचा.

असं म्हणता आलं असतं. कुणाला कळलंही नसतं. शुक्रवारी गप्प बसून 'नाही' म्हणायचं, झेय्दीला बहिणीचं घर स्वतः दाखवायचं, मिटलं. डॉन ओल्माननी हा मार्ग मनात शेवटपर्यंत चालून पाहिला. तो नीट पार जात होता. पण त्या मार्गावर बाकीचे सगळे चर्चमध्येच राहत होते.

गुरुवारी ते कागद-पेन्सिल घेऊन मारिएलोसच्या स्वयंपाकघरात बसले. त्यांच्या डोक्यात तिसरीच वाट आली होती. भोक नको. नवा प्रकार करायचा, 'गेलेली जागा'. आज नाही पण पूर्वीच्या नकाशावर होती अशी. फाटकाला तो ओळखता येईल, आणि कडकपणाही राहील.

"पालोमा चालेल," ते कागदावर लिहीत म्हणाले. "पूर्वीच्या नकाशावर आहे ते. शेजारच्या डोन्या एस्तेर्लीना पत्ता काय सांगतात?"

"लॉटरीवाला बसतो तिथून पन्नास उत्तरेला."

"लॉटरीवाला कुठे बसतो?"

"सकाळी या बाजूला. दुपारी ऊन आलं की समोर."

"म्हणजे दुपारी पत्ता बदलतो?"

"पत्ता कशाला बदलेल? घर काय उठून चालतंय? लॉटरीवाला उठतो. लोकांना कळतं."

त्यांनी काहीतरी लिहिलं आणि खोडलं. "आणि समोरचे?"

"ते सांगतात, डॉन लिसिमाको गेले त्या घराच्या मागे."

"गेले म्हणजे?"

"वारले. अरे, तू आला होतास मौतीला." तिने त्यांच्यासमोर उकडलेली पेहिबाये फळं ठेवली. "काय चाललंय तुझं? काय हवंय तुला एवढं?"

"चूक आत येऊ नये, एवढंच."

"नाहीच आली चूक," मारिएलोस म्हणाली. "नर्सही नाही आली."

डॉन ओल्माननी एक फळ सोलून खाल्लं. मग त्यांनी कागदावर सालं ठेवली.

शुक्रवारी जानेवारीतलं वारं सुटलं होतं आणि मागच्या खोलीची खिडकी आपटत होती. हाय्नरने ती दोरीने बांधली. ग्रेटेल कागद न आणता आली. तिला वाचून दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"विचारते," ती म्हणाली. "हाय्नर?"

"माझा हो," हाय्नर म्हणाला. "मी मेला कुणालाच नाही म्हणू शकत नाही, म्हणून तर असा सुटलोय."

"डॉन ओल्मान?"

डॉन ओल्माननी आधी चर्चची हकिगत सांगितली. ती त्यांना नीट सांगता येईना. ओदिलीचं बोलणं मध्येच आलं, सॅक्रिस्टनचा विनोद शेवटी आला. खूणजागेची व्याख्या कुणाची ते मात्र त्यांनी न विसरता सांगितलं. हाय्नरचा चेहरा उतरला. हा त्याचा न कोलमडणारा प्रोग्राम होता. ग्रेटेलने आपली बाजू जिंकली म्हणून भुवईसुद्धा हलवली नाही, याबद्दल डॉन ओल्मानना तिचे उपकार वाटले.

"तुमच्या बहिणीचा पाय कसा आहे?" तिने विचारलं.

"लाल आहे. नर्सला मी काल घर दाखवून आलो. बरा होईल म्हणते."

"मग तुमचं 'हो' धरू?"

"नाही. म्हणजे, हो. पण."

"मला वाटलंच, कुठेतरी पण असणार."

"आंब्याच्या वेळी काय झालं?" डॉन ओल्मान खिडकीकडे बघत म्हणाले. समोरच्या माणसाकडे बघून त्यांना वाद घालता येत नसे. "तुझ्या खुणेने आंबा आत सोडला. तिथपर्यंत ठीक. पण आत आल्यावर तो इतर पत्त्यांसारखाच दिसायला लागला. तपासायचं राहिलंय हे कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. नकाशाने अंदाज केला, पुढच्याने तो अंदाज खरा धरला, आणि ती बाई गुत्त्यात पोचली. माझ्या फाटकाने माणसांना खोटं बोलायला शिकवलं, कबूल. तुझी दिंडी भाषेला विसरायला शिकवते."

हाय्नर म्हणाला, "हे जरा लागलं हं."

"मग काय करू म्हणता?" ग्रेटेलने विचारलं.

"खूण आपोआप पुसली जायला नको. जिच्यावर 'राहू दे' आहे, तिच्यापासून जे जे काढलं, त्याच्यावरही ती राहिली पाहिजे. पत्त्यावर असेल तर अंतरावर, अंतरावर असेल तर फेरीवर. कुणीतरी प्रत्यक्ष तपासलं की मगच जाईल. आणि पुढे कुठे बिघडलं तर जिथे बिघडलं तिथलं नाव नको सांगायला. जिथून ती आत आली तिथलं सांगायचं."

"प्रत्येक वस्तूच्या पाठीवर बिऱ्हाड? प्रोग्राम जड होतील, डॉन ओल्मान. हळू चालतील. लोक शिव्या घालतील."

"घालू देत. आत्ता म्हातारा म्हणतात."

हाय्नर हसत सुटला. ग्रेटेललाही हसू आलं, पण ती लगेच पुन्हा कपाळाला आठ्या घालून विचार करू लागली. तिची ही सवय डॉन ओल्मानना ती पहिल्या वर्षाला होती तेव्हापासूनची ओळखीची होती. आठ्या पडल्या की पुढचा प्रश्न अवघड येई.

"समजा तुमचं ऐकलं," ती म्हणाली. "ओदिलीने खरा पत्ता लिहिला, 'राहू दे' लावलं. आता दर वेळी तिच्या पडद्यावर काहीतरी पिवळं लुकलुकणार, हे तपासायचं राहिलंय, ते तपासायचं राहिलंय. आठवड्याभरात ती काय करील?"

"चर्च लिहील," डॉन ओल्मान म्हणाले.

"चर्च लिहील. शून्य, शून्य."

वाऱ्याने खिडकी ओढून पाहिली, दोरीने ती सोडली नाही. आपला एक शब्द आपण खर्च केला आणि हातात काहीच आलं नाही, असं डॉन ओल्मानना वाटू लागलं.

"खरं लिहिणं खोटं लिहिण्यापेक्षा सोपं पडलं पाहिजे," ग्रेटेल हळूहळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "खूण असू दे. चिकटूनही राहू दे. पण जो लिहितो त्याला ती टोचायला नको. जो वापरतो त्यालाच दिसली पाहिजे. ओदिलीला काही नाही. नर्सच्या कागदावर छापून येईल."

"आणि नर्सने तपासलं की जाईल," डॉन ओल्मान म्हणाले.

"नर्सने तपासलं की जाईल."

"मला हे आधी सुचायला हवं होतं."

"मलाही," ती म्हणाली.

हाय्नरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आज हरलं कोण ते सांगा. उद्याची कॉफी कुणाची?"

यावर बराच खल झाला आणि निकाल लागला नाही. शेवटी कॉफी हाय्नरवर आली, कारण वादात तो एकटाच नव्हता. उठताना ग्रेटेल म्हणाली, खुणेचं ओझं वागवायचं तर तपासणीचा सगळा भाग नव्याने लिहावा लागेल, वर्ष तरी जाईल. डॉन ओल्माननी विचारलं, ते कोण करणार. ती म्हणाली, दुसरं कोण करणार. माँटेव्हिडिओचं नाव तिने काढलं नाही, त्यांनीही नाही. घरी जाताना त्यांनी पिठाच्या दुकानातून मक्याचं पीठ घेतलं, धिरडी आता पुढेही लागणार होती म्हणून.

वर्षाहून थोडा जास्तच वेळ लागला. प्रोग्राम जड झाले, आणि लोकांनी शिव्या घातल्या. ज्या दिवशी सान आम्ब्रोसिओला भाषेचं नवं रूप आलं, त्या दिवशी डॉन ओल्माननी ओदिलीकडून फेऱ्यांचे कागद बघायला मागितले. निम्म्याहून अधिक पत्त्यांखाली खूण होती. आपलं फाटक फळ्यांपेक्षा फटींचंच बनलेलं आहे असं त्यांना वाटलं, आणि ते दृश्य काही त्यांना आवडलं नाही. आपण बरोबर केलं का, हे त्या कागदांवरून ठरत नव्हतं.

मारिएलोसची जुनी जखम भरली होती, पण दुसऱ्या पायाला नवी झाली होती. झेय्दी एव्हाना दुसऱ्या वस्तीत गेली होती आणि तिच्या जागी आणखी एक नवी नर्स आली होती. डॉन ओल्मान बहिणीच्या ओसरीत बसून वाट बघत होते. ऊन चढलं तसा लॉटरीवाला आपलं स्टूल उचलून समोर गेला. थोड्या वेळाने कोपऱ्यावर पांढऱ्या गणवेशातली मुलगी दिसली. तिने हातातला कागद पाहिला, इकडेतिकडे पाहिलं, आणि लॉटरीवाल्याला काहीतरी विचारलं. त्याने तिकिटांच्या गठ्ठ्यानेच गाड्या उभ्या होत्या तिकडे दाखवलं, मग हवेत बोटाने दक्षिण आणि पश्चिम काढून दाखवली. ती आली आणि हिरव्या फाटकाशी थांबली.

"डोन्या मारिएलोस सिबाहा? की पुन्हा चुकले?"

"या, या. ढकला, उघडंच आहे," मारिएलोस आतून म्हणाली.

मुलीने पट्टी झटपट आणि सारखी बांधली. डॉन ओल्मान तिच्या हातांकडे बघत राहिले. जाताना तिने कागदावरच्या खुणेपुढे पेनाने एक फुली मारली. ती दवाखान्यात गेल्यावर खूण पुसली जाणार होती. या एका पत्त्याची.

मुलगी गेल्यावर मारिएलोसने पाय स्टुलावर टाकला.

"काय रे, मी कुठे राहते म्हणून लिहिलं होतं आज त्या म्हाताऱ्याच्या कागदावर? चर्चमध्येच?"

"नाही. पालोमा थिएटर होतं तिथून. आणि खाली लिहिलं होतं, आम्हाला नक्की माहीत नाही, विचारून घ्या."

मारिएलोसने पट्टीचं टोक चाचपून पाहिलं. ते घट्ट बसलं होतं.

"मग खरं बोलायला लागला म्हणायचा," ती म्हणाली. "कॉफी टाक."